चिरुताचा साठावा भाग

कल्लरा पुष्करन या माणसाने आयुष्यात अकरा यक्षींच्या डोक्यात खिळे ठोकले, आणि त्या अकराच्या अकरा यक्षी मी काढल्या. हे आधीच सांगून ठेवतो, कारण लोक म्हणतात, कादंबऱ्या पुष्करनच्या आणि चित्रं कोणीतरी काढायचं. तो कोणीतरी म्हणजे मी, इट्टी. कोट्टयमच्या 'चित्रदीपम्' साप्ताहिकात मी तेवीस वर्षं चित्रं काढली. इतरांच्या कौटुंबिक कथांनाही काढली, रडक्या सुना आणि दारुडे नवरे काढून काढून हात दुखले. पण यक्षीचे गुडघ्यापर्यंतचे मोकळे केस काढायचे ते पुष्करचेट्टनच्या कादंबरीतच. ते वयाने मोठे, म्हणून मी त्यांना चेट्टन म्हणायचो, थोरला भाऊ. थोरल्या भावाइतके ते माझ्यावर ओरडलेही आहेत.

सकाळी कंजी, म्हणजे भाताची पेज, पिऊन झाली की ते पडवीतल्या आरामखुर्चीत बसायचे. खुर्चीच्या दोन्ही हातांवर एक फणसाची फळी आडवी टाकलेली. हीच त्यांची कचेरी. एका वेळी तीन साप्ताहिकांत तीन कादंबऱ्या चालू, म्हणून तीन रंगांची पेनं. निळं पेन आमचं. हिरवं पेन उचललं की आमची यक्षी डोक्यातून जायची आणि दुसऱ्याच गावचा राजवाडा यायचा. लिहिलेलं पान ते परत वाचत नसत. मी एकदा विचारलं, का हो? म्हणाले, "वाचलं तर सुधारावंसं वाटेल. सुधारलं तर बस चुकेल."

कारण आमचा सगळा कारभार बसवर चालायचा. बुधवारी सकाळी कल्लरा नाक्यावर कोट्टयमची सरकारी बस थांबली की पुष्करचेट्टन पाकीट कंडक्टरच्या हातात द्यायचे, आणि कोट्टयमच्या स्टँडवर आमच्या ऑफिसातलं कोणीतरी ते उतरवून घ्यायचं. भाताच्या खळीने चिकटवलेलं पाकीट. कंडक्टर ते पहिल्या दोन थांब्यांच्या आत उघडायचा आणि पुढच्या बाकांना मोठ्याने वाचून दाखवायचा. आमचे संपादक पैलीसर यावरून फार चिडायचे. "माझ्याच साप्ताहिकात पुढे काय होणार हे मला मासळीवालीकडून कळतं!" पुष्करचेट्टनना सांगितलं तर ते खूश. "मासळीवाली काय म्हणाली? घाबरली ना?"

लिहिण्याचे त्यांचे नियम ठरलेले होते. पहिल्या पानात सातवीण, म्हणजे यक्षीचं झाड, फुलली पाहिजे. तिसऱ्या पानापर्यंत वाटेवर एका सुंदर बाईने एकट्या पुरुषाला अडवून पानाला चुना मागितला पाहिजे, की ती यक्षी. शेवटच्या भागात मंत्रवाद्याने तिच्या डोक्यात खिळा ठोकून तिला झाडाला बांधलं पाहिजे. आणि भाग संपायचा तो तीनपैकी एका गोष्टीवर: दार, पाऊल, नाहीतर आवाज. "त्याच्यापुढे एक ओळ जास्त लिहिणारा माणूस लेखक नव्हे, वकील," असं म्हणायचे. पडवीच्या भिंतीवर त्यांनी कोळशाने मेलेल्यांची यादी लिहून ठेवली होती, कारण एकदा घोटाळा झाला होता. सोळाव्या भागात मेलेला माहूत एकविसाव्या भागात हत्तीला आंघोळ घालायला हजर. पत्रांची रास पडली. पैलीसर धावत कल्लऱ्याला गेले.

"चेट्टन, आता काय करायचं? वाचक आपल्याला मूर्ख समजताहेत."

"माहूत मेलाय हे मला ठाऊक आहे," पुष्करचेट्टन पान जुळवत म्हणाले. "तुम्हाला ठाऊक आहे. वाचकांनाही आहे. हत्तीला अजून कोणी सांगितलेलं नाही. पुढच्या अंकात बघा."

पुढच्या अंकात हत्तीला कळलं. त्या आठवड्यात माझी बायको दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही, जसं काही मीच सांगितलं होतं हत्तीला.

हा माणूस भुताखेतांवर काडीचाही विश्वास ठेवत नसे. पण गावाला ते पटेल तेव्हा ना. चेर्तलाहून, वैक्कमहून माणसं यायची. कोणाची गाय दूध देईना, कोणाच्या मुलीचं लग्न जमेना. एकदा मी बसलेलो असताना एक बाप्या आला, पिशवीत कोंबडा घेऊन.

"एक दोरा मंतरून द्या, सर."

"अहो, मी मंत्रवादी नाही. मी लेखक आहे."

"तेच ते."

"तेच ते कसं? मी बसल्या जागी खोटं लिहितो."

"ते पण तेच करतात, सर, पण तुमचं वाचून जास्त भीती वाटते," असं म्हणून त्याने कोंबडा पुढे केला. पुष्करचेट्टननी त्याला गुरांच्या डॉक्टरचा पत्ता दिला. कोंबडा परत न्यायला बाप्या तयार नव्हता, तेव्हा कोंबडा तिथेच राहिला आणि म्हातारा होऊन मेला.

घरात तिघं माणसं. बायको शाळेत मुख्याध्यापिका, तिने नवऱ्याची एक ओळ वाचली नव्हती आणि हे ती अभिमानाने सांगायची. आणि सौदामिनी चेच्ची, म्हणजे ताई, त्यांची पाच वर्षांनी मोठी बहीण. नवरा गेल्यापासून ती इथेच असायची. स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून शुक्रवारी अंक आला की ती सगळ्यात आधी 'चित्रदीपम्' घ्यायची आणि ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत वाचायची. आमच्या दोघांचं सगळं काम तिने वाचलं होतं. कधी चांगलं म्हणाली नाही, वाईट म्हणाली नाही. अंक घडी करून ठेवायची आणि कप्पा, म्हणजे टॅपिओकाचे कंद, सोलायला घ्यायची. मला ती आवडायची, पण तिच्याशी काय बोलावं हे सुचायचं नाही. फार कमी बोलणारी बाई. मुलगी असताना तिच्या अंगात काहीतरी शिरलं होतं आणि मंत्रवाद्याने ते काढलं, असं नाक्यावरच्या चहावाल्याने मला एकदा सांगितलं होतं. आमच्याकडे अशा गोष्टी दर चौथ्या घरात सांगतात, त्यामुळे मी चहा पिऊन उठलो.

'चिरुता' ही बारावी कादंबरी. यक्षी होती, मंत्रवादी होता, पडका तलाव होता, आणि तिच्या नादाने खंगत चाललेला जमीनदाराचा मुलगा होता. पण मी चित्रं काढताना माझ्या एक गोष्ट लक्षात येत होती, की यक्षी ह्या वेळी जास्त बोलतेय. आधीच्या अकराजणी चुना मागायच्या आणि हसायच्या. चिरुता भांडायची. पत्रं दुप्पट यायला लागली. पैलीसर हात चोळत म्हणायचे, "हिला खिळा ठोकताना पुष्करन काय लिहील! काय लिहील!"

पुढचं मला नंतर कळलं, पण इथेच सांगतो, नाहीतर माझी चूक केवढी होती ते कळणार नाही. पन्नासावा भाग छापून आला त्या शुक्रवारी चेच्चीने अंक घडी केला नाही. तो घेऊन ती पडवीत आली.

"हिला पण ठोकणार?"

पुष्करचेट्टन गोंधळले. इतक्या वर्षांत तिने पहिल्यांदाच काही विचारलं होतं. "वाचकांना खिळा लागतो गं, चेच्ची. खिळा नसला तर त्यांना संपल्यासारखं वाटत नाही."

"मी वाचक नाही का?"

 मेलेल्या माहुताचंही उत्तर देणाऱ्या माणसाने पेनाला टोपण लावलं. ती म्हणाली, "अकराजणी झाल्या. एकीला सोड. मग मी काही मागणार नाही." त्यांनी शब्द दिला.

आता माझी करणी. आतली पानं कोट्टयमला छापायची, पण रंगीत मुखपृष्ठ शिवकाशीला छापून यायचं. म्हणून मुखपृष्ठाचं चित्र भाग लिहून व्हायच्या आठवडाभर आधी जायचं. लेखकाने अजून लिहिलंच नाही त्याचं चित्र मी काढायचं, हीच आमच्या धंद्याची रीत. त्यासाठी पुष्करचेट्टन मला पोस्टकार्ड टाकायचे. 'चौपन्न: विहीर, आत दिवा.' 'सत्तावन्न: मांडव, नवरीला सावली नाही.' तेवढ्यावर मी काढायचो. आणि मी जे काढेन ते त्यांना लिहावं लागायचं, कारण शिवकाशीहून छापून आलेलं परत जात नाही.

साठाव्या, म्हणजे शेवटच्या भागाचं कार्ड वेळेवर आलं नाही. माझ्या भाचीच्या मुलाचा बाप्तिस्मा होता रान्नीला. मी म्हटलं, शेवटच्या भागात काय असणार? अकरा वेळा काय होतं? कार्डाची वाट कशाला बघायची? बसलो आणि एका दुपारात मंत्रवादी, हातोडा, खिळा, सातविणीखाली बसवलेली चिरुता आणि तिचे दोन्ही हात धरलेली दोन माणसं काढून मोकळा झालो. चित्र उत्तम उतरलं होतं. आजही मी ते माझं चांगलं काम मानतो, काय करू. मंगळवारी ते शिवकाशीला गेलं, मी रान्नीला गेलो. शनिवारी परत आलो तर दारात कार्ड.

'साठ: नुसतं झाड काढ. झाडाखाली कोणी नको.'

मी ते कार्ड उलटून पाहिलं, मागे काही असेल म्हणून. मागे माझा पत्ता होता.

पैलीसरांना सांगितलं तर त्यांना आनंदच झाला. "देवाची कृपा! झाड कोण बघणार? खिळा म्हणजे खिळा. जा, जाऊन सांग त्यांना, आणि भाग लिहून हातोहात घेऊन ये." पुढच्या मंगळवारी छापलेलं मुखपृष्ठ गुंडाळून बगलेत मारलं आणि मी कल्लऱ्याला गेलो. बसमध्ये मनातल्या मनात चार प्रकारे माफी मागून पाहिली. चारही प्रकारांत चूक पोस्टाची निघत होती.

पुष्करचेट्टन पडवीतच होते. निळं पेन हातात. चेच्ची पडवीच्या पायरीवर कप्पा सोलत होती.

"कार्ड मिळालं?"

"मिळालं, चेट्टन. शनिवारी."

"आणि मुखपृष्ठ?"

"ते त्याच्या आधल्या मंगळवारी गेलं."

मी गुंडाळी उघडून फळीवर पसरली. त्यांनी ते नीट बघितलं. मी ओरडण्याची वाट बघत होतो.

"केस चांगले आलेत," ते म्हणाले.

ओरडले असते तर बरं झालं असतं. मग मला त्यांनी शब्दाची गोष्ट सांगितली, चेच्चीच्या समोरच. ती मान खाली घालून सोलत राहिली. मला इतकं वाईट वाटलं की मी पोस्टाचं नावही काढलं नाही.

"माझंच चुकलं, चेच्ची," मी म्हणालो. "मी वाट बघायला हवी होती."

"तू कशाला वाट बघशील? अकरा वेळा तेच झालं," ती म्हणाली. रागाने नाही. त्यामुळे जास्त लागलं.

पण पुष्करचेट्टन डगमगणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी पान जुळवलं, तोंडात टाकलं, आणि फळी पुढे ओढली. "ऐक, इट्टी. तेवीस वर्षं मी चित्रावरून लिहितोय. तू विहीर काढलीस, मी विहीर लिहिली. तू दिवाणजीच्या हाताला चुकून सहा बोटं काढलीस—"

"ते छपाईत झालं होतं."

"—सहा बोटं काढलीस, तर मी त्याला सहाव्या बोटाचा शाप दिला, आणि तो शाप बारा भाग चालला. आता खिळा काढलायस, तर खिळा असेल. आणि तिला सोडेनही. शब्द दिलाय. तू जेव, झोप काढ. संध्याकाळच्या बसला पाकीट तुझ्या हातात असेल."

तासाभरात पहिला मजकूर तयार. आणि त्या दिवशी त्यांनी कधी न केलेली गोष्ट केली, लिहिलेलं वाचून दाखवलं, चेच्चीला. मंत्रवादी हातोडा उचलतो, खिळा केसांना टेकतो, इतक्यात आकाश फाटतं, सातविणीवर वीज कोसळते, सगळे दूर फेकले जातात आणि चिरुता निसटते. मला तर आवडलं. वीज काढायला मला नेहमीच आवडते.

चेच्ची म्हणाली, "वीज कुठून आली?"

"आभाळातून, चेच्ची."

"अकराजणींच्या वेळी कुठे गेली होती?"

पुष्करचेट्टननी पानं बाजूला ठेवली. दुसऱ्यांदा लिहिलं. ह्या वेळी खिळा टेकताच चिरुताच्या डोळ्यांत मंत्रवाद्याला आपली मेलेली आई दिसते, त्याचा हात थरथरतो, त्याला पाझर फुटतो. वाचताना पुष्करचेट्टनचा स्वर असा भरून आला की मलाही ते पटलं.

चेच्ची हसली. मी तिला हसताना क्वचितच पाहिलं होतं, आणि ते हसू मला नको वाटलं.

"त्यांना पाझर नाही फुटत रे," ती म्हणाली. "त्यांना भूक लागते. काम झालं की जेवायला थांबतात. सांबाराला मीठ कमी होतं म्हणाला होता तो. आईने परत करून वाढलं."

 पुष्करचेट्टननी हातातलं पान फळीवर पालथं घातलं. नाक्यावरच्या चहावाल्याने मला जे अर्ध्या वाक्यात सांगितलं होतं, त्यात एक सांबार होतं, एक आई होती आणि जेवायला बसलेला माणूस होता, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. आणि मी अकरा वेळा तो माणूस काढला होता. दाढी रुबाबदार काढली होती.

"बघू ते चित्र," चेच्ची म्हणाली.

तिने हात पदराला पुसले, मुखपृष्ठ घेतलं आणि उजेडाकडे धरलं. चिरुता बघितली. हातोडा बघितला. मग हात धरलेल्या दोन माणसांवर बोट ठेवलं.

"दोघंच?"

"चौकटीत तेवढेच मावतात, चेच्ची," मी म्हणालो. खरं म्हणजे मी विचारच केला नव्हता.

"दोघांना नाही आवरत. चौघं लागतात." ती अगदी सहज सांगत होती, फणस कसा फोडायचा ते सांगावं तसं. "मामाने लग्नासाठी आणलेल्या मुलाला मी नाही म्हटलं. ताट फेकलं. स्वतःचे केस कापले. आठ दिवस खोलीत कोंडलं तर मी आतून ओरडत राहिले. अंगात आलंय म्हणाले सगळे. अंगात काय येतंय? राग आला होता. उजव्या हाताला मामा. डाव्या हाताला मामाचा कारभारी. मंत्रवाद्याकडे खिळा नव्हता, छडी होती, ओल्या वेताची. उजव्या पायाला पलीकडच्या घरातला गोपालन."

 पुढचं ती सांगणार नव्हती हे मला कळत होतं. तिने मुखपृष्ठ घडी न करता परत फळीवर ठेवलं आणि पायरीवर जाऊन बसली.

"डाव्या पायाला मी होतो," पुष्करचेट्टन म्हणाले.

ते मला सांगत होते, पण बघत तिच्याकडे होते. "चौदा वर्षांचा होतो, इट्टी. मामा म्हणाला धर, तर धरला. तिने एकदा माझ्याकडे बघून माझं नाव घेतलं. मी आणखी घट्ट धरला."

मी माझ्या पायांकडे बघत बसलो. तेवीस वर्षांची ओळख, किती वेळा एका पानावर जेवलो असू, आणि मला ह्या माणसाबद्दल काहीच माहीत नव्हतं. त्या क्षणी मला त्यांचा राग आला, आणि दुसऱ्या क्षणी त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. दोन्ही खरं आहे. मी दोन्हीतलं काही केलं नाही.

मग त्यांनी कोरा कागद घेतला. त्या तीन पानांना सगळी दुपार लागली. मध्ये त्यांची बायको शाळेतून आली, आमची तोंडं बघितली आणि चहा ठेवून गेली. चहावर साय धरली. मी पडवीच्या एका टोकाला, चेच्ची पायरीवर. कप्पा केव्हाच सोलून झाला होता, तरी ती उठली नाही.

पाचच्या सुमाराला त्यांनी वाचायला घेतलं. आवाज साधा होता, आधीचा चढउतार काही नव्हता. सगळं चित्राप्रमाणेच होतं. सातवीण, हातोडा, डोक्याला टेकलेला खिळा. फक्त ह्या वेळी सांगणारी चिरुता होती. कोणी कुठे धरलंय ते ती एकेक करून सांगते. चित्रात दिसतात ते दोघं हातांना, आणि चित्रात न दिसणारे दोघं पायांना. डाव्या पायाला कुंजन आहे, तिचा धाकटा भाऊ. खिळा टेकतो. हातोडा वर जातो. चिरुता किंचाळत नाही, शाप देत नाही. ती भावाला म्हणते, 'कुंजा, माझा पाय दुखतोय.' आणि कुंजन पाय सोडतो. एक पाय मोकळा झाला की बाईला आवरणं तिघांच्या हातात राहत नाही. ती उठते. हातोडा सातविणीच्या खोडावर बसतो. ती तलावाच्या वाटेने चालत निघून जाते, आणि मागे कोणी जात नाही, कारण एकाने सोडल्यावर बाकीच्यांना एकमेकांची तोंडं दिसायला लागतात.

ना दार, ना पाऊल, ना आवाज. भाग तिथे संपला.

मला ठाऊक होतं की हेच छापायचं. पैलीसरांनी डोकं आपटलं तरी हेच. मुखपृष्ठाला धक्का नाही, शब्दालाही नाही. मी पानं घेतली, पाकिटात घातली, खळ लावली. मनात म्हटलं, मानलं बुवा ह्या माणसाला.

चेच्चीने सोललेला कप्पा बाजूला सरकवला.

"तेव्हा तू सोडला नव्हतास," ती म्हणाली.

"नाही, चेच्ची."

"भीत होतास?"

"हो."

"मला?"

"तुला कशाला? मामाला."

तिने त्यांच्याकडे असं बघितलं की जणू ते आत्ताच बाहेरगावाहून आले होते. "मला वाटत होतं, तू मला भीत होतास. तुलाही ते माझ्यात दिसलं असणार. मग तू ह्या सगळ्याजणी लिहायला लागलास. म्हटलं, नक्कीच दिसलं असणार. चव्वेचाळीस वर्षं मी तेच धरून बसले."

पुष्करचेट्टन खुर्चीतून उठले. फळी सरकली, पेनं खाली पडली. ते जाऊन पायरीवर तिच्या शेजारी बसले, आणि त्यांचा चेहरा लहान मुलासारखा वेडावाकडा झाला.

"तुझ्यात कोणी नव्हतं गं, चेच्ची. मला तेव्हाही माहीत होतं."

"माहीत होतं?"

"तू मला आदल्या दिवशी खिडकीतून गणित समजावून सांगितलंस. यक्षी कधी गणित सांगते का?"

चेच्चीने डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. वळणावर संध्याकाळच्या बसचा हॉर्न वाजला. पाकीट माझ्या हातात होतं, नाका दोन मिनिटांवर.

"मग ते पण लिही," ती म्हणाली. "अर्धं कशाला लिहितोस?"

मी उठलो नाही. पाकीट फोडलं, शेवटचं पान काढलं आणि पायरीवर त्यांच्या पुढ्यात ठेवलं. निळं पेन शोधून दिलं. त्यांनी गुडघ्यावर कागद ठेवून शेवटच्या ओळीखाली लिहिलं: 'चिरुताच्या अंगात कोणी नव्हतं. कुंजनला ते पाय धरतानाही माहीत होतं.'

चेच्चीने ओळीखाली बोट धरलं आणि ओठ हलवत वाचलं. मग परत पहिल्या शब्दापासून वाचलं.

"हं," ती मला म्हणाली. "आता ने."